फळीवर न मावलेलं

जेवणाच्या टेबलावरची ओळ टेबलाशिवाय कुठे भेटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. चर्चच्या मागच्या खोलीत बायबलचा अभ्यासवर्ग भरायचा आणि त्या संध्याकाळी मोठ्याने वाचायची पाळी त्याची होती. उत्पत्तीच्या पुस्तकातला तो लांबलचक अध्याय. मेंढरं, तंबू, बायका, पोरं, पाठलाग. साहेबापुढे मोजणीचा अहवाल वाचावा तसा एका सुरात वाचत तो खाली खाली येत होता आणि एकदम ती ओळ आली. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा परमेश्वर आपल्या दोघांवर लक्ष ठेवो. घरात ही ओळ एका फळीवर कोरलेली होती. तिच्याखाली बसून तो वर्षानुवर्षं जेवला होता, मुलीचा गृहपाठ घेतला होता, बायकोशी भांडला होता. ओळखीचं कुणी भेटल्यासारखा त्याचा आवाज जरा मोकळा झाला आणि त्या मोकळेपणातच तो पुढच्या ओळीवर गेला. ती त्याने कधी वाचलेली नव्हती. माझ्या मुलींना तू छळलंस, किंवा त्यांच्यावर आणखी बायका केल्यास, तर आपल्यात तिसरं माणूस नसलं तरी बघ, देव साक्षी आहे. तिथे तो अडला. शेजारच्या बाईंना वाटलं याचा चष्मा बदलायला झालाय, त्यांनी मुकाट्याने स्वतःचा पुढे केला.

वर्ग घेणाऱ्या बाई म्हणजे रिटायर झालेल्या हेडनर्स. सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. सुटी ओळ वाचायची नाही, हा त्यांच्या वर्गाचा कायदा. माणसं जिथे बोलायला लागतात तिथून धरायचं आणि उठून जातात तिथे सोडायचं. कुणी एखादं आवडतं वचन घेऊन आलं की त्या म्हणायच्या, "एकटंच आलंय होय? आईबाप कुठायत याचे?" परीक्षेला बसलेल्या पोराच्या वहीत, दुकानाच्या गल्ल्यावर, लग्नाच्या पत्रिकेत लोक वचनं कशी तोडून चिकटवतात यावर त्यांचा फार राग होता. "ताप एकशेदोन एवढंच वाचून औषध देतात का कुणी? काल किती होता? पेशंट कोण? तान्हं पोर की पैलवान?" असं त्या विचारायच्या, आणि हा प्रश्न बायबलचा आहे की वॉर्डातला, हे नव्या माणसाला कळायला वेळ लागायचा. आज त्या त्याला म्हणाल्या, "थांबलात का? वाचा, पुढे दगडं आहेत."

पुढे दगडं होतीच. तो पेशाने सर्व्हेअर होता. जमिनी मोजायच्या आणि हद्दीवर दगड रोवायचे यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे दगडांची ती रास काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. सासरा लाबान आणि जावई याकोब, दोघांचं फाटलेलं. एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. मध्ये दगड रचले आणि ठरवलं, मी इकडून तिकडे येणार नाही, तू तिकडून इकडे येऊ नकोस. ही हद्द होती. आणि ती गोड ओळ हा त्या हद्दीचा बोर्ड होता. बाकीचे हळहळले, कुणी म्हणालं, अरे बापरे, आम्ही तर हेच लॉकेटवर कोरून मुलीला दिलं. लोक हसले. तोही हसला. त्याच्या घरातली फळी त्याच्या सासऱ्याने स्वतःच्या हाताने कोरून स्वतः भिंतीवर ठोकली होती, आणि सासरे शाळेत सुतारकाम शिकवत असले तरी त्या घरात बायबल त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको फोनवरच होती. तिने नुसता हात वर केला. तो आपल्या खुर्चीत बसला, म्हणजे फळीच्या बरोबर समोर. लाकूड बदामी रंगाचं, कडा गोल घासलेल्या, अक्षरं खोल. पटाशी कुठेही घसरलेली नाही. इतकी वर्षं ती इतकी जवळ होती की दिसेनाशी झाली होती, आणि आज ती त्याच्याकडेच बघत होती. छळलंस तर. आणखी बायका केल्यास तर. त्याने छळलं नव्हतं. दुसऱ्या बायकोचा विचार करण्याइतका उत्साहही त्याच्यात कधी नव्हता. मग कशासाठी? आलेगेलेले पाहुणे फळी वाचून म्हणायचे, किती छान, आणि तो म्हणायचा, सासऱ्यांनी दिली. आता आठवलं की ते ऐकताना सासरे कधीही काही बोललेले नव्हते. आपल्याच घरात आपण इतकी वर्षं दमदाटी टांगून तिच्याखाली पाहुण्यांना जेवू घातलं, हा विचार त्याला रागापेक्षा गार करून गेला. हातपाय धुवावेत, असं वाटलं.

फोन ठेवून बायको म्हणाली, "पपा नकोच म्हणतायत." सासरे स्टुलावरून पडले होते. उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता, प्लास्टर होतं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दोन तासांच्या रस्त्यावरच्या त्या गावात ते एकटेच राहत. शेजारीण दोन वेळा डबा देत होती, पण शेजारीण किती दिवस करणार? मुलगी शिकायला दूर गेल्यापासून इथली एक खोली रिकामीच होती. बायकोने ती आवरूनही ठेवली होती. "शनिवारी तू जा त्यांना आणायला. मी सांगून थकले. पुरुषाने सांगितलं की ऐकतात."

"त्यांना यायचं नसेल तर कशाला ओढायचं?" तो म्हणाला. "चांगल्या संस्था आहेत हल्ली. डॉक्टर असतो, नर्स असते. सोबत असते त्यांच्या वयाची."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "इतक्या वर्षांत पपा एका रात्रीच्या वर कधी इथे राहिले नाहीत," ती म्हणाली. "आदल्या दिवशी फोन करून विचारतात, येऊ का म्हणून. सख्ख्या मुलीकडे. मी कधी बोलले नाही. पण तू एकदा तरी म्हणालास का रे, पपा, राहा आणखी दोन दिवस?"

तो म्हणाला नव्हता. त्याला ते बरंच वाटत आलं होतं. सासरे येत, जेवत, सकाळी जात. समजूतदार माणूस, लुडबुड नाही, असं तो ऑफिसात कौतुकाने सांगायचा. बायको उठून आत गेली. आतल्या रिकाम्या खोलीत ती पलंगाची चादर पुन्हा एकदा नीट करतेय हे त्याला आवाजावरून कळलं. या वेळी आपण नाही म्हटलं तर ती भांडणार नाही, आकांडतांडव करणार नाही. फक्त यापुढे आपल्याशी कामापुरतं बोलेल, आणि ते मरेपर्यंत चालेल, हेही त्याला त्याच आवाजावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी तो एका प्लॉटवर उभा होता. दोन शेजाऱ्यांची कुंपणावरून जुंपलेली, दोघंही आपापल्या बाजूला हाताची घडी घालून उभे. एकाने हद्दीचा दगड दाखवला आणि म्हणाला, "हा बघा, हा काय खोटं बोलतोय?" दगड खोटं बोलत नव्हता. पण तो एकटा होता, आणि एकट्या दगडावरून कधी मोजायचं नसतं, हे सर्व्हेअरला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. आधी मागे जायचं, जिथलं माप सगळ्यांना मान्य आहे त्या खुणेपर्यंत. मग पुढे जायचं, पुढच्या खुणेपर्यंत. मधला दगड मग आपोआप बोलतो. हे त्याने त्या दोघांना सवयीने समजावून सांगितलं, इतक्या वेळा सांगितलेलं की तोंड बोलत होतं आणि डोकं दुसरीकडे होतं. मग तोंड काय बोललं ते डोक्याने ऐकलं. यंत्र तिवईवर तसंच ठेवून तो गाडीत जाऊन बसला, डबा उघडला नाही, फोनवर तो अध्याय काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. काल त्याने सगळा वाचला होता, मोठ्याने आणि खणखणीत, पण त्यातलं काही आत गेलं नव्हतं.

मागे जावई पळाला होता. सासरा मेंढरांची लोकर कातरायला गेलेला बघून त्याने बायका, पोरं, जनावरं उचलली आणि न सांगता नदी ओलांडली. सासऱ्याने गाठलं तेव्हा तो शिव्या देईल असं वाटतं, पण तो म्हणतो काय, तर मला सांगितलं असतंस तर मी तुला गाण्याबजावण्यात निरोप दिला असता. नातवंडांचे, मुलींचे मुके तरी घेऊ द्यायचे होतेस. आणि जावई म्हणतो, मला भीती वाटली. गाडीत ऊन भरलं होतं. काच खाली करायचं त्याला सुचलं नाही.

लग्न झाल्यावर तो आणि बायको सासऱ्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. घरभाडं परवडत नव्हतं म्हणून थोडे दिवस, म्हणता म्हणता मुलगी झाली, चालायला लागली. सासरे वाईट नव्हते, पण सगळीकडे होते. दिवा चालू का, नळ ठिबकतोय, चपला आडव्या का. त्यातलं सर्वांत नेहमीचं म्हणजे दार. तो बाहेर पडला की मागून हाक यायची, "दार नीट लाव रे. तू नेहमी अर्धंच लावतोस." ते ऐकून त्याच्या मानेवरची शीर ताठ व्हायची. त्याच सुमाराला बदलीची एक जागा निघाली, त्याने स्वतः अर्ज केला, बायकोला गळ घातली आणि घरी कुणाला सांगितलं नाही. शाळेच्या मुलांना घेऊन सासरे प्रदर्शनाला बाहेरगावी गेले होते, त्या दिवसांत टेम्पो आणून सामान भरलं. सासू दारात उभी राहून पुन्हा पुन्हा विनवत होती, हे येईपर्यंत तरी थांबा. बदली अचानक आली, असं त्याने तिला सांगितलं. पुढे तो सगळ्यांना तेच सांगत गेला, आणि हळूहळू ती अचानकच आलेली होती असं त्यालाही वाटायला लागलं. सासऱ्यांना प्रदर्शनाहून परत आल्यावर घरात काय दिसलं असेल, याचा विचार त्याने आजवर केला नव्हता. भिंतीजवळ नातीचा पाळणा होता तिथे फरशीवर चार ठिपके राहिले असतील.

काही महिन्यांनी ते आले होते. एकटेच, बसने, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळी. हे सगळं त्याच्या आठवणीत होतं, फक्त सुटं सुटं होतं, आणि नव्या घराची भेट असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. आता तो ते ओळीने लावत गेला. सासरे आले, पाणी प्यायले, म्हणाले, "सांगून निघाला असतात तर स्टँडवर आलो असतो सोडायला." तो बदलीबद्दल काहीतरी बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून ड्रिल काढलं, टेबलाची जागा विचारली, भिंतीला भोकं पाडली, फळी लावली, मागे सरून सरळ आहे का बघितलं. "वाचा," म्हणाले. त्याने वाचली. "छान आहे," तो म्हणाला. मग सगळे तिच्याखाली जेवायला बसले. सासरे नेहमीपेक्षा जास्त जेवले. आणि पहाटे त्याला जाग आली तेव्हा ते निघून गेलेले होते. बायको म्हणाली होती, पपा अंधारातच उठले, झोपलेल्या मुलीचा मुका घेतला, माझा घेतला, आणि गेले. तुला उठवू नको म्हणाले. त्या दिवसापासून ते त्याला कधी तू म्हणाले नव्हते. अहोजाहो करत. त्याला तो मान वाटला होता.

त्याने अध्यायाचं शेवटचं वाक्य काढलं. सासरा भल्या पहाटे उठला, त्याने नातवंडांचे आणि मुलींचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला आणि तो आपल्या घरी परत गेला. त्याच्या आधी, दगडांच्या राशीजवळ, सगळे मिळून जेवले होते. बाहेर ते दोन शेजारी अजून हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यातल्या एकाने काचेवर टकटक केली आणि विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना?"

शनिवारी तो गेला. संस्थेचं नाव त्याने पुन्हा काढलं नव्हतं आणि घेऊन येतो असंही बायकोला म्हणाला नव्हता. सासरे पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते, प्लास्टरचा हात उशीवर, डावा हात गुडघ्यावर. घर होतं तसंच होतं, फक्त लहान झालं होतं. त्यांनी विचारलं, "रस्ता मोकळा होता का तुम्हाला?" तो हो म्हणाला. तिची तब्येत, नातीची परीक्षा, शेजारणीचा डबा, सगळं बोलून झालं. मग त्यांनीच विषय काढला, "तिला सांगा, माझी काळजी करू नकोस. मी तिकडे यायचं नाही, हे ठरलेलंच आहे."

"कुणी ठरवलं?"

"आपण दोघांनी," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, सुताराने जुनं माप सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "फळी लावली तेव्हा. तुम्ही वाचलीत, छान आहे म्हणालात. मला बरं वाटलं. म्हटलं, याला पटलं, निदान भांडण तरी मिटलं. तुम्ही तुमच्या बाजूला, मी माझ्या. तुम्ही माझ्या मुलीला सुखात ठेवलंत, तुमची बाजू पाळलीत. मी माझी पाळली. आता हात मोडला म्हणून मी शब्द मोडू का?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला. समोरचा माणूस काय म्हणतोय ते त्याला कळत होतं, पण ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. एक रात्र राहून जाणं, आदल्या दिवशी फोन करून विचारणं, नातीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आत निघणं, सासू गेल्यावर या घरात एकट्याने काढलेली ती सगळी वर्षं. ज्याला तो समजूतदारपणा म्हणत आला, तो एक करार होता, आणि त्यावर सही त्याची होती.

"मी पुढचं वाचलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फळीवर आहे तेवढंच वाचलं होतं. पुढचं या आठवड्यात वाचलं. वर्गात."

सासऱ्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मग इतकी वर्षं तुम्हाला त्याचा अर्थ काय वाटत होता?"

"प्रेमाचं आहे, असं."

सासरे हसले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी प्लास्टरची कड चाचपली. "सगळं कोरणार होतो," ते म्हणाले. "राशीपासून मुक्यापर्यंत. फळी तेवढीच होती घरात. म्हटलं, एक ओळ पुरे, बाकीचं त्याला माहीत असेल. चर्चमध्ये वाढलेला पोरगा." मग म्हणाले, "ते प्रेमाचं नव्हतं असंही नाही. रागात होतो. पण नुसत्या रागात माणूस इतकं पॉलिश करत नाही."

त्याने खिशातून फोन काढला. अक्षरं मोठी केली आणि त्यांच्यापुढे धरला. "पपा, त्या दगडांचं पुन्हा बघा. ओलांडायचं नाही एवढंच नाही म्हटलेलं. वाईट करायला ओलांडायचं नाही, असं आहे. जेवायला यायला बंदी नाही. जेवण तर त्यांनी तिथेच केलं."

सासऱ्यांनी चष्मा मागितला. तो त्याने खिडकीच्या कट्ट्यावरून दिला, एका हाताने त्यांना लावता येईना म्हणून लावूनही दिला. त्यांच्या कानामागची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. ते ओठ हलवत वाचत होते, वर जात होते, परत खाली येत होते. शाळेत ते मुलांना सांगायचे, दोनदा मोजा आणि एकदा कापा, हे बायकोने त्याला लग्नाच्या आधी कौतुकाने सांगितलं होतं. पाठ असलेलं माणूस पुन्हा वाचत नाही. त्यांनीही इतक्या वर्षांत ते वाक्य पुन्हा मोजलेलं दिसत नव्हतं. त्याला दया आली आणि सुटल्यासारखंही वाटलं. आपण एकटेच नव्हतो. तेवढ्यात त्याला स्वतःची लाजही वाटली.

"आहे खरं," सासरे शेवटी म्हणाले. फोन त्यांनी त्याच्या हातात परत दिला नाही, मांडीवर ठेवला. "हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. ओलांडायचं नाही, तेवढंच राहिलं." ते खिडकीबाहेर बघत बसले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसण्याची त्यांना घाई नव्हती. "आता उरलेलं कोरायचं म्हटलं तरी हात नाही."

"राहा आमच्याकडे," तो म्हणाला. हे वाक्य म्हणायला इतकं लहान आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं. "तिने खोली आवरलीये. मीही म्हणतोय."

सासऱ्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आतल्या कपाटातले शर्ट कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलं, गोळ्यांचा डबा कुठे आहे ते सांगितलं, आणि त्याने शर्ट कोंबायला सुरुवात केल्यावर पुढच्या खोलीतून ओरडून घड्या कशा घालायच्या तेही सांगितलं. त्याने शेजारणीला चावी दिली, बॅग गाडीत ठेवली, परत येऊन त्यांना दंडाला धरून उठवलं. पायरीवर ते जरा थांबले. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी रस्ता पाहिला, गाडी पाहिली. मग मागे न बघताच म्हणाले,

"दार नीट लाव. तू नेहमी अर्धंच लावतोस."

तो परत गेला आणि दार पुरतं ओढून घेतलं. कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत थांबला.